शिडाच्या छोट्या बोटीसाठी नांगर: निवड आणि जोडणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं 6 ते 9 मीटर लांबीच्या, मुंबई ते गोवा या पट्ट्यात फिरणाऱ्या शिडाच्या बोटींसाठी आहेत. जिथे आकडे लागतील तिथे एकच बोट धरली आहे: लांबी साडेसात मीटर, फायबरग्लासची, वजन दोन टनांच्या आसपास, कील (बोटीच्या तळाखालचा पाण्यात उतरणारा भाग) पाण्याखाली सव्वा मीटर. तुमची बोट याहून मोठी किंवा जड असेल तर आकडे वर न्या. खाली मात्र आणू नका.

आमची बोट कायम बोयालाच (तळाशी जखडलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधलेली असते. मग नांगर हवाच कशाला?

गेटवेसमोरच्या बहुतेक बोटींचं हेच आहे, त्यामुळे बोटीसोबत आलेला नांगर लॉकरच्या तळाशी तसाच पडून राहतो. पण वारा पडला, इंजिन सुरू होईना आणि ओहोटी तुम्हाला मोठ्या जहाजांच्या वाटेवर किंवा खडकाकडे घेऊन निघाली, तर त्या घडीला बोटीला ब्रेक एवढाच. म्हणून बोयावरून सुटताना नांगर वर, दोर जोडलेला आणि गुंता नसलेला असा हवा. जीवनरक्षक जॅकेट घातलं की नाही हे जसं निघण्याआधी बघता, तसं हेही बघा.

बाजारात इतके प्रकार आहेत. कोणता घ्यावा?

आधी तळ बघा, मग नांगर. मुंबई बंदरात आणि कोकणातल्या बहुतेक खाड्यांत तळाला मऊ चिखल आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ भागात बारीक वाळू मिळते. मालवणकडे खडक आणि प्रवाळ. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नकाशांवर तळाचं स्वरूप अक्षरांनी दिलेलं असतं: चिखलाला एम, वाळूला एस, खडकाला आर. नकाशा जुना असेल किंवा खात्री नसेल, तर जुनी युक्ती आजही चालते. ओळंब्याच्या बुडाला ग्रीस फासून तो तळाला टेकवा. वर येताना काय चिकटून आलंय ते बघितलं की कळतं. काहीच चिकटलं नाही आणि शिशावर ओरखडे उठले, तर खाली खडक आहे.

आता प्रकार.

सीक्यूआर, म्हणजे बिजागरीवाला फाळ. 1933 साली जेफ्री इंग्रॅम टेलर यांनी काढला. द्रवगतिकी शिकलेल्या इंजिनिअरांना हे नाव पाठ्यपुस्तकातून ओळखीचं असेल. तेच ते टेलर. त्या काळात हा नांगर फार पुढचा होता. आज जुन्या बोटींबरोबर फुकटात मिळतो. मऊ चिखलात तो खाली रुतण्याऐवजी नांगरटीसारखा सरी पाडत जातो, म्हणून आपल्याकडे मुख्य नांगर म्हणून मी तो सुचवत नाही.

डॅनफोर्थ, दोन रुंद चपटी पाती आणि मधे बिजागरी. दुसऱ्या महायुद्धात सैन्य उतरवणाऱ्या बोटी किनाऱ्यावरून मागे ओढून काढायला अमेरिकनांनी हे नांगर वापरले. चिखलात आणि वाळूत, एकाच दिशेने ओढ असेल तर वजनाच्या मानाने याच्याइतकी पकड क्वचितच कुणाची. अडचण आहे ती ओढ फिरली की. खाडीत दर सहा तासांनी पाण्याची दिशा उलटते, बोट नांगराच्या दुसऱ्या अंगाला जाते, पाती उपटली जातात आणि कधी दोर पात्यात अडकतो, कधी शिंपला किंवा दगड बिजागरीत बसतो. मग तो पुन्हा रुतत नाही, तळावरून नुसता घसरत जातो. फोर्ट्रेस हा याच घराण्यातला अॅल्युमिनियमचा नांगर. त्याच्या पात्यांचा कोन वाळूसाठी 32 आणि चिखलासाठी 45 अंश असा बदलता येतो. दुसरा नांगर म्हणून उत्तम, पहिला म्हणून नाही.

ब्रूस, तीन बोटांचा पंजा. मूळचा उत्तर समुद्रातल्या तेलफलाटांसाठीचा, 1970च्या दशकातला. पटकन रुततो, ओढ फिरली तरी सहसा सुटत नाही. पण वजनाच्या मानाने पकड कमी, आणि मऊ चिखलात ती आणखी कमी. घ्यायचाच तर दोन मापं मोठा घ्या.

नव्या पिढीचे खोलगट पात्याचे नांगर: रोक्ना, मँटस, स्पेड वगैरे. पातं फावड्यासारखं आत वळलेलं, टोक जड किंवा धारदार, आणि काहींना वर गोल कमान असते. तिच्यामुळे नांगर उलटा पडला तरी सरळ होतो. ओढ फिरली की हा बहुतेक वेळा चिखलासकट जागच्या जागी फिरतो, आणि सुटलाच तर थोड्या अंतरात परत रुततो.

आपल्या किनाऱ्यावर प्रश्न पकडीच्या कमाल आकड्याचा कमी आणि भरती-ओहोटीत पुन्हा रुतण्याचा जास्त आहे. म्हणून मुख्य नांगर खोलगट पात्याचा, आणि जोडीला हलका डॅनफोर्थ जातीचा. महाग पडतं हे मान्य, पण पहिल्यावर पैसे खर्च करा आणि दुसरा जुना मिळाला तरी चालवा.

आमच्या गावचे कोळी चार पात्यांचा लोखंडी नांगर वापरतात. तो स्वस्त आहे, तो का नको?

तो खडकाळ तळासाठी आणि जाळं, दोर शोधायला छान आहे. खडकाच्या फटीत एक पातं अडकलं की काम झालं. चिखलात मात्र त्याच्या बारीक पात्यांना क्षेत्रफळच नाही. मच्छीमार बोटींवर तो चालतो कारण त्यांच्याकडे भरपूर दोर असतो, अंगाने दणकट माणसं असतात आणि बोटीवर कुणीतरी जागं असतं. तुम्ही मात्र जेवून झोपणार आहात.

किती किलोचा?

आमच्या उदाहरणातल्या बोटीला खोलगट पात्याचा 10 किलोचा. बनवणाऱ्यांच्या तक्त्यात या लांबीला कधी 6 किलोचाही चालेल असं दिसतं. हलक्या, कमी उंचीच्या रेसिंग बोटीला एखादवेळी चालेलही. सहलीच्या बोटीला नको.

हिशोब असा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या तक्त्यानुसार 25 फुटी बोटीला 30 नॉट वाऱ्यात नांगराच्या दोरावर साधारण 220 किलोचा ताण धरतात. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 15 नॉटला जो ताण असतो त्याच्या चौपट 30 नॉटला. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात निवांत धरून राहिलेला नांगर मे महिन्यातल्या वळवाच्या पहिल्या झोताबरोबर निघून येतो, तो यामुळे. 6 आणि 10 किलोमधला फरक उचलताना जेमतेम जाणवतो.

साखळी किती आणि दोर किती?

10 मीटर साखळी, 8 मिमी जाडीची, आणि पुढे 50 मीटर नायलॉनचा तीन पदरी दोर, 12 मिमी.

साखळीची दोन कामं. तळाशी दोर घासून कापला जाऊ नये, आणि नांगराच्या दांड्यावरची ओढ शक्य तितकी आडवी राहावी. 8 मिमी साखळी मीटरला सुमारे 1.4 किलो, म्हणजे 10 मीटरला 14. 6 मिमी साखळी मीटरला 0.8 किलोच्या आसपास. नुसत्या ताकदीचा विचार केला तर 6 मिमीसुद्धा पुरते, ग्रेड 30 ची असली तर ती तुटायला दीड टनाहून जास्त ताण लागतो. तरी मी 8 मिमी सांगतो, कारण आपल्या चिखलात साखळी गंजते, आणि बारीक साखळीचा एक मिलिमीटर गेला म्हणजे बरंच गेलं.

सगळीच साखळी का नको? 60 मीटर साखळी म्हणजे 84 किलो, तेही बोटीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात. साडेसात मीटरच्या बोटीचं नाक खाली जाईल आणि लाटेत ती उठणार नाही. शिवाय वाऱ्याचा जोर वाढला की साखळीचा झोळ सरळ होतो आणि पुढचा प्रत्येक हिसका थेट नांगरावर येतो. नायलॉन तिथे ताणला जातो आणि हिसका पिऊन टाकतो. तुटेपर्यंत तो साधारण एक-तृतीयांशाने लांबू शकतो. म्हणून जाडच्या जाड दोर घेण्यात शहाणपण नाही. 16 मिमीचा दोर ताणला जाणार नाही, क्लीटवर (दोर बांधायच्या डेकवरच्या खुंटावर) नीट बसणार नाही आणि हाताला मात्र मजबूत वाटेल.

बंदरावर मिळणारा निळा किंवा हिरवा प्लास्टिकचा दोर चालेल का?

नाही. तो पॉलिप्रॉपिलीन किंवा तत्सम असतो. पाण्यावर तरंगतो, म्हणजे वारा पडला की तुमच्या बोटीभोवती वेटोळं करून बसतो आणि शेजारून जाणाऱ्या मचव्याच्या पंख्यात जातो. उन्हात त्याचे तंतू कुसळांसारखे सुटतात. नायलॉनच्या मानाने तो कमी ताणला जातो. स्वस्त आहे हे खरं.

दोर नेमका किती सोडायचा? पाच पट, सात पट, दहा पट असं वेगवेगळं ऐकतो.

सगळेच आकडे बरोबर असू शकतात. चुकतं ते पट कशाची, हे ठरवताना. खोली म्हणजे आत्ता खोलीमापक यंत्रावर दिसणारी खोली धरली की मुंबईच्या पाण्यात रात्री नांगर सुटतो.

एक उदाहरण करू. नकाशावर खोली 3 मीटर आहे. तुम्ही ओहोटीला पोचलात, तेव्हा पाण्याची पातळी नकाशाच्या शून्यापासून (ज्या नीचांकी पातळीपासून नकाशावरची खोली मोजतात) 0.6 मीटर वर. म्हणजे पाणी 3.6 मीटर. नाळेवरचा रोलर (ज्यावरून दोर खाली जातो ती चाकी) पाण्यापासून 1 मीटर उंच. एकूण 4.6 मीटर. पाच पट म्हणून तुम्ही 23 मीटर सोडलेत आणि समाधानाने चहा टाकलात.

उधाणाचा दिवस आहे. सहा तासांनी पातळी 4.6 मीटरवर जाते. आता पाणी 7.6, रोलर धरून 8.6. तुमचे 23 मीटर आता पावणेतीन पटही भरत नाहीत. दोर सरळ ताणलेला धरला तर पाच पटीला तो तळाशी साडेअकरा अंशांचा कोन करत होता, आता 22 अंशांचा करतो. नांगर आडवा ओढला तर खोल जातो आणि वर ओढला तर निघतो. तुम्ही त्याला अर्धवट वर ओढताय.

म्हणून मोजायचं ते रात्रीतल्या सगळ्यात मोठ्या भरतीचं पाणी अधिक रोलरची उंची. वर दिलेली साखळी-दोराची जोडी असेल तर शांत हवेत पाच पट, रात्र काढायची असेल तर सात. 8.6 च्या सात पट म्हणजे 60 मीटर. 10 मीटर साखळी आणि 50 मीटर दोर हा आकडा तिथूनच आला.

याची दुसरी बाजू ओहोटीला दिसते. पाणी उतरलं की तोच 60 मीटर दोर तुम्हाला जवळपास 60 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरू देतो, वर बोटीची लांबी. त्या वर्तुळात कुठेही ओहोटीला कील टेकेल असं पाणी नको, दुसरी बोट नको, आणि डोल जाळ्यांचे खुंट तर नकोतच. जागा अपुरी असेल तर दोर कमी करण्यापेक्षा दुसरी जागा शोधा.

दक्षिणेकडे जाल तसा हा त्रास कमी होतो. मुंबईत उधाणाला चार मीटरच्या वर चढउतार असतो, गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं जवळ ठेवा. यंत्र खोली पाण्याच्या पृष्ठभागापासून दाखवतं की कीलपासून, हेही एकदा बांबू घालून तपासून घ्या. सव्वा मीटरची गफलत सात पटीत पावणेनऊ मीटर होते.

दोर किती सुटला ते अंधारात कसं कळणार?

दर 10 मीटरला खूण करा. दोरात चामड्याचा किंवा कापडाचा तुकडा ओवा: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. रंग दिवसा ठीक असतो, पण रात्री बोटांना जे लागेल तेच खरं. मोजायला दुसरं काही नसेल तर वाव मोजा. दोन्ही हात पसरून एक वाव म्हणजे अंदाजे पावणेदोन मीटर. एकदा टेपने आपला वाव मोजून ठेवला की जन्मभर पुरतो.

शॅकल कोणते? आणि स्विव्हल लावायचा का?

शॅकल म्हणजे खिळीने बंद होणारी यू आकाराची कडी, स्विव्हल म्हणजे गोल फिरणारा जोड. मुंबईच्या नागदेवी बाजारात शॅकल किलोवर मिळतात. त्यांच्यावर भार कोरलेला नसेल तर ते शेड बांधायला वापरा. नांगराला गॅल्व्हनाइज्ड (जस्त चढवलेला), भार लिहिलेलाच शॅकल हवा. 10 मिमीच्या चांगल्या शॅकलवर 1 टन असं कोरलेलं असतं. 8 मिमी साखळीच्या कडीत 10 मिमीची खीळ जातेच असं नाही, तेव्हा दुकानात जाताना साखळीच्या दोन कड्या खिशात घेऊन जा. खीळ गेली नाही तर 8 मिमीचा घ्या, पाऊण टन भाराचा. साखळीचा सुरक्षित भारही तेवढाच असतो.

खीळ पान्याने घट्ट करा आणि तिच्या डोळ्यातून तार ओवून शॅकलच्या बाजूला पीळ मारून बांधा. हलणाऱ्या साखळीत न बांधलेली खीळ हळूहळू फिरते. प्लास्टिकचा टाय उन्हात ठिसूळ होतो, तो एका दिवसाच्या सहलीपुरताच.

स्विव्हल नको. तीन पदरी दोराला लहान बोटीवर पीळ बसला तर नांगर उचलताना तो आपोआप सुटतो. स्विव्हल म्हणजे तुटायला आणखी एक जागा, आणि बाजूने ताण आला की तो तिथेच वाकतो.

स्टेनलेसचं काय? दिसायला छान. पण ऑक्सिजन नसलेल्या काळ्या चिखलात पडून राहिलं की स्टेनलेस फटींमध्ये आतून कुरतडलं जातं आणि वरून चकचकीतच दिसतं. गॅल्व्हनाइज्ड लोखंड गंजलं की निदान सांगून गंजतं.

दोर साखळीला कसा जोडायचा?

दोराच्या टोकाला धातूचं थिंबल (दोराचा डोळा झिजू नये म्हणून आत बसवायची खोबणीची कडी) घालून आय-स्प्लाइस करा, म्हणजे पदर परत दोरातच ओवून डोळा बनवा, आणि थिंबल शॅकलने साखळीला जोडा. नायलॉन निसरडा असतो, त्यामुळे प्रत्येक पदर निदान पाच वेळा ओवा, सहा वेळा ओवला तर उत्तम. प्रत्येक पदराचं टोक आधी टेपने गुंडाळा, नाहीतर तिसऱ्या वळणापर्यंत त्याचा कुंचला होतो. स्प्लाइस झाला की थिंबल दोराच्या डोळ्यात घट्ट बसलेलं हवं. सैल असेल तर पहिल्या जोरदार ताणात दोर लांबतो, थिंबल आडवं होतं आणि त्याची कड दोराला कापते. म्हणून थिंबलचे दोन्ही कान दोराला बारीक सुतळीने बांधून टाका.

गाठ मारली तर? चालते, पण गाठीजवळ दोराची ताकद खूप कमी होते. तात्पुरत्या कामाला ठीक.

आमच्या बोटीवर पुढे एकच छोटा क्लीट आहे. तो पुरेल?

दुकानात याबद्दल कुणी विचारत नाही, आणि घोळ बहुतेक इथेच असतो. 10 किलोचा नांगर, 8 मिमी साखळी, 12 मिमी दोर, आणि हे सगळं दोन स्क्रूंवर बसवलेल्या 10 सेंटीमीटरच्या क्लीटला बांधलेलं. वर 220 किलोचा ताण म्हटलं. लाटेच्या हिसक्यात तो त्याच्या वर जातो.

क्लीट 20 सेंटीमीटर लांबीचा, चार बोल्टचा घ्या. बोल्ट 316 दर्जाच्या स्टेनलेसचे, 8 मिमी. खाली, डेकच्या आतल्या बाजूला पाठीमागची पट्टी हवी: 6 मिमी अॅल्युमिनियम किंवा 12 मिमी मरीन प्लाय, क्लीटच्या बुडापेक्षा सगळ्या बाजूंनी बरीच मोठी. नुसते वॉशर लावले तर ते फायबरग्लासमधून आरपार येतात.

त्याआधी डेकमध्ये काय भरलंय ते बघा. अनेक बोटींच्या डेकमध्ये दोन थरांच्या मधे बाल्सा लाकूड किंवा फोम असतो. त्यात सरळ भोक पाडून बोल्ट आवळला की दोन गोष्टी होतात: गाभा चेपतो आणि भोकातून पाणी शिरून बाल्सा कुजतो. पद्धत अशी. आधी मोठं, 14-16 मिमीचं भोक वरच्या थरातून आणि गाभ्यातून पाडा, खालचा थर शाबूत ठेवा. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून आजूबाजूचा गाभा बोटभर खरवडून काढा. पोकळीत घट्ट केलेला इपॉक्सी भरा. दुसऱ्या दिवशी तो दगडासारखा झाला की त्याच्या मधोमध 8 मिमीचं भोक पाडा. आता बोल्ट इपॉक्सीच्या खांबातून जातो, पाणी आत शिरायला वाट नाही. बोल्टभोवती सीलंट, खाली पट्टी, मोठे वॉशर, नट.

क्लीट बसवता येत नसेल तर डोलकाठीच्या बुडाशी बांधता येतं, जर डोलकाठी डेकमधून खाली कीलपर्यंत जात असेल तर. डेकवरच उभ्या केलेल्या डोलकाठीला बांधू नका.

रोलरबद्दल एवढंच. त्याच्या दोन्ही बाजूंचे कान उंच हवेत आणि वर आडवी खीळ, म्हणजे बोट डावी-उजवीकडे डुलली तरी दोर बाहेर उडत नाही. कानांच्या कडा गोल घासा. जिथे दोर घासतो तिथे बागेच्या नळीचा अर्धा मीटर तुकडा दोरावर चढवा आणि दोन्ही टोकांना बांधा. पहाटेपर्यंत एकाच जागी घासणाऱ्या नायलॉनला तेवढा वेळ कापून जायला पुरतो.

दोराचं दुसरं टोक कुठे बांधायचं?

लॉकरच्या आत, बोटीच्या भिंतीला बसवलेल्या मजबूत यू-बोल्टला. पण शॅकलने नाही. 6 मिमी दोराच्या चार-पाच वेढ्यांनी बांधा, आणि ते वेढे एवढे लांब ठेवा की सगळा दोर सुटल्यावर ते डेकवर येतील. कधी जहाज अंगावर येत असेल तर नांगर सोडून पळावं लागतं. अशा वेळी सुरी चालवायची जागा हाताशी हवी.

टोक न बांधलेल्या बोटीचा अख्खा दोर नांगरासकट सर्रकन पाण्यात गेल्याच्या हकिगती प्रत्येक बंदरावर ऐकायला मिळतात. सांगणाऱ्याच्या मते तो नेहमी दुसऱ्याचाच असतो.

दोरावर मधे वजन लटकवलं तर पकड वाढते का?

शांत हवेत थोडी. जोराच्या वाऱ्यात दोर तसाही सरळ होतो. ते पाच-सात किलो नांगरातच वाढवा.

हाताने उचलायला जमेल, की विंडलास (नांगर ओढायचं यंत्र) बसवावा?

या मापाच्या बोटीला हात पुरतात. साखळी आणि नांगर मिळून 24 किलो. जड जातो तो चिखलात रुतलेला नांगर उपटताना. तिथे पाठ लावू नका. बोट बरोबर नांगरावर आणा, दोर आखूड करून क्लीटला बांधा आणि लाटेला काम करू द्या. नाक दोनचार वेळा वरखाली झालं की तो सुटतो. हातमोजे घाला. आणि बादली-ब्रश तयार ठेवा: मुंबई बंदराचा काळा चिखल पांढऱ्या डेकवर वाळला की पुढच्या रविवारपर्यंत सोबत करतो, वासासकट.

संध्याकाळी वायव्येचा वारा असतो आणि रात्री फिरतो. एकच नांगर पुरेल?

ऑक्टोबर ते मे हे इथलं रोजचं आहे. दुपारी समुद्रावरून खारा वारा, सूर्यास्तानंतर तो पडतो, आणि पहाटेकडे जमिनीवरून मतलई. त्यात खाडीचं पाणी सहा तासांनी उलटतं. म्हणजे एका रात्रीत बोट दोनतीनदा फिरणारच. फिरायला जागा असेल तर खोलगट पात्याचा एकच नांगर बरा.

अरुंद खाडीत दोन नांगर लावता येतात: एक भरतीच्या दिशेला, एक ओहोटीच्या, दोन्ही दोर नाळेवरच बांधायचे. बोट मधल्या मधे छोट्या वर्तुळात फिरते. सकाळी दोर एकमेकांत पिळलेले असतात, ते सोडवायची तयारी ठेवा. एक दोर नाळेला आणि एक मागे असं मात्र करू नका. आडवं पाणी आलं की बोट धनुष्यासारखी ताणली जाते आणि दोन्ही नांगर निघतात.

दुसऱ्या नांगराचा खरा उपयोग वेगळाच. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर कील टेकली की तो छोट्या होडीतून खोल पाण्याकडे नेऊन टाकायचा, दोर ताणून ठेवायचा आणि भरतीची वाट बघायची. म्हणून तो हलका हवा.

मालवणला नांगर टाकताना काय सांभाळायचं?

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पाण्याखाली खडक पसरलेले आहेत. तिथला सागरी भाग 1987 पासून अभयारण्य आहे आणि प्रवाळही आहेत. प्रवाळावर साखळी फिरली की ती वर्षानुवर्षांची वाढ एका रात्रीत भुगा करते. वाळूचा फिकट पट्टा दिसेल तिथेच टाका, सकाळी दहा-अकराला, सूर्य वर असताना बघून. स्थानिक बोटवाल्यांना विचारा. तिथे कुठे टाकायचा नाही हे त्यांना पाठ असतं.

खडकात अडकण्याची भीती असेल तर नांगराच्या मागच्या बाजूला, पात्यांच्या बुडाशी, एक वेगळा बारीक दोर बांधून त्याला छोटा बोया लावा. अडकला तर त्या दोराने मागून ओढला की सुटतो. लांबी भरतीच्या पाण्याएवढी हवी, नाहीतर बोयाच बुडतो. हा दोर गजबजलेल्या बंदरात लावू नका, कुणीतरी तुमचा बोया मोकळा समजून त्याला बोट बांधेल.

नांगराने धरलंय हे कसं ओळखायचं?

नाक वाऱ्याकडे, बोट पूर्ण थांबवा, नांगर खाली सोडा, फेकू नका. बोट मागे सरकू लागली की दोर सोडत जा. पाहिजे त्याच्या निम्मा सुटला की एकदा अडवा, नांगराला टोक खुपसू द्या. सगळा सुटल्यावर इंजिन हळूहळू मागच्या गिअरमध्ये वाढवा आणि अर्धा मिनिटभर तसंच ठेवा. इंजिन नसेल तर पुढचं शीड उलट्या बाजूला धरून वाऱ्यानेच मागे ढकला.

आता आडव्या दिशेला किनाऱ्यावरच्या दोन खुणा बघा, एक जवळची आणि एक लांबची. देवळाचा कळस आणि त्यामागचं माडाचं झाड, अशा. त्या एकमेकींवरून सरकत नसतील तर बोट जागेवर आहे. दोरावर तळहात ठेवा: धरलेला दोर घट्ट होतो आणि सैल होतो, घसरणारा थरथरतो, खरखर लागते. बोट जागेवरून सरकली की वाजणारा फोनवरचा अलार्म लावा, पण त्याचं केंद्र नांगर जिथे पडला तिथे धरा, बोट जिथे उभी आहे तिथे नाही. नाहीतर पाणी फिरलं की तो रात्री दोन वाजता उगाच उठवेल, आणि तिसऱ्यांदा तुम्ही तो बंद करून झोपाल.

रात्री दिवा लावणं सक्तीचं आहे का?

समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नांगरावरच्या बोटीने सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा लावायचा असतो, दिवसा काळा गोळा. 7 मीटरहून लहान बोटीला वाहतुकीच्या वाटेपासून दूर असेल तर सूट आहे. आमच्या उदाहरणातली बोट साडेसात मीटरची, तिला सूट नाही. आणि सूट असली तरी लावा, पहाटे तीनला मच्छीमार निघतात. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा मोठ्या जहाजाला दिसतो, होडीतल्या माणसाच्या नजरेच्या रेषेत तो नसतो. शिडाच्या आडव्या काठीला एक दिवा खालीही टांगा.

मुंबईच्या दारूखान्यातून, म्हणजे जहाजांच्या भंगारबाजारातून, जुनी साखळी घेतली तर?

घेऊ शकता, डोळे उघडे ठेवून. कड्या जिथे एकमेकींना टेकतात तिथली जाडी कॅलिपरने मोजा. 8 मिमीच्या साखळीत तिथे 7 मिमीहून कमी भरलं तर सोडून द्या. क्रेनची काळी, ग्रेड 80 ची साखळी स्वस्तात मिळते आणि ताकदवान असते, पण तिच्यावर जस्त नसतं. गॅल्व्हनायझिंगसाठी आम्लात बुडवली की असं कडक पोलाद ठिसूळ व्हायचा धोका असतो. ती नकोच. साधी ग्रेड 30 ची साखळी मात्र गंजली तर औद्योगिक वसाहतीतल्या हॉट डिपच्या कारखान्यात पुन्हा जस्त चढवून मिळते. थोड्या मालासाठी ते नाखूश असतात, चारपाच बोटवाल्यांनी मिळून नेली तर घेतात. कड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून साखळी गरम असतानाच झटकायला सांगा.

पावसाळ्यात काय करायचं?

जूनमध्ये बोट वर काढली की सगळी साखळी आणि दोर लॉकरमधून बाहेर ओढा. लॉकरच्या तळाचं पाणी जायचं भोक चिखलाने बुजलेलं असतं, ते तारेने मोकळं करा. दोर गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून सावलीत वाळवा, हाताने चाचपत जा, कडक झालेला किंवा वितळल्यासारखा गुळगुळीत लागणारा भाग कापून टाका आणि नवा स्प्लाइस करा. साखळी उलटी करा, म्हणजे वर्षभर नांगराकडे झिजलेलं टोक दोराकडे येईल. शॅकल जुनाच ठेवलात तर खीळ काढून आटे बघा, ग्रीस भरा, नवी तार बांधा.